लाख मोजली, चांदी बुडाली

संस्थानच्या कारभाऱ्याने मला फसवले, आणि त्यासाठी लागणारा कागद एका प्रोफेसरने लिहून दिला. मी कोणाला फसवलेले नाही. नंदुरबारच्या बाजारात अजून उलटे बोलले जाते, म्हणून हे आधीच सांगतो.

मी आरसे करतो. काच स्वच्छ धुवायची, तिच्यावर अमोनिया घातलेले सिल्व्हर नायट्रेटचे पाणी आणि साखरेचे पाणी एकत्र ओतायचे. थोड्या वेळाने चांदी काचेला धरते. हा थर नखाने ओरबाडला तरी निघतो, म्हणून त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फिरवायची. शेवटी लाल रंग. सुरतेच्या एका कारखान्यात झाडू मारता मारता मी हे शिकलो. शिकवले कोणी नाही.

तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते संस्थान. दरबार हॉलसाठी चाळीस आरसे हवे होते. गोरा साहेब भेटीला येणार होता. कारभाऱ्याशी मी दोन दिवस घासाघीस केली. शेवटी माझा दर त्याने कबूल केला, पण एक अट घातली.

"चांदीचा थर सगळीकडे सारखा हवा. आम्ही तपासणार. लाल रंग त्यानंतर. रंगाखाली काय दडवता ते आम्हाला कळायला हवं."

"खुशाल तपासा," मी म्हणालो. चांदीचा थर तपासणारा माणूस या मुलखात कुठून येणार, असा माझा हिशेब होता.

कापसात गुंडाळून आरसे बैलगाडीने नेले. हॉलमध्ये टेबल मांडलेले, टेबलावर पितळी नळ्यांचे एक यंत्र आणि त्यामागे चष्मेवाले प्रोफेसर. यंत्राचे नाव स्पेक्ट्रोमीटर.

प्रोफेसर माणूस सभ्य होता. त्याने मला समजावले, "पाण्यावर तेल पसरलं की रंग दिसतात ना? थोडा उजेड थराच्या वरच्या अंगावरून परततो, थोडा खालच्या. दोन्ही एकत्र आले की काही रंग वाढतात, काही मरतात. हे यंत्र रंग वेगळे करून दाखवतं. मेलेल्या रंगाच्या जागी काळी रेघ. रेघा जास्त, तर थर जाड."

मीही नळीतून पाहिले. लाल ते जांभळा असा पट्टा आणि त्यात काळ्या रेघा. दिसायला सुंदर, नाही कशाला म्हणू?

पहिल्या आरशाच्या पाठीवर मध्यभागी पाच रेघा निघाल्या, खालच्या कोपऱ्यात आठ. दुसऱ्यात चार आणि सात. कारभारी आकडे लिहीत होता आणि पानागणिक प्रोफेसरची सही घेत होता. दहा आरसे झाल्यावर त्याने टाक खाली ठेवला.

"कोपऱ्यात आठ, मध्ये पाच. मधल्या तीन कुठे गेल्या?"

जणू रेघा माझ्या खिशात होत्या.

मला लगेच उमगले. लाख फिरवून मी आरसा तिरपा उभा करतो. लाख ओघळून खालच्या कोपऱ्यात साचते.

मी विचारले, "प्रोफेसरसाहेब, उजेड चांदीच्या आरपार जातो का?"

"नाही. फार थोडा जातो."

"मग तिच्या खालच्या अंगावरून परतणार कोण?"

प्रोफेसरने चष्मा काढला आणि पुसत बसला. कारभारी म्हणाला, "प्रश्न आम्ही विचारायचे."

माझे डोके फिरले. "अहो, हाई लाख शे, चांदी नही! तुम्ही लाख मोजी ऱ्हायनात!"

फडक्यावर स्पिरिट घेऊन मी एका आरशाची लाख हलक्या हाताने पुसली. "आता मोजा."

प्रोफेसरने पाहिले. पट्टा अखंड होता, रेघ एकही नव्हती. त्याने तसे सांगितले. आणि कारभाऱ्याने काय लिहावे? 'चांदी शून्य.'

मी तोच आरसा उलटा करून, त्याचेच तोंड दिसेल असा, त्याच्यासमोर धरला. "मंग हाऊ कोन दखाई ऱ्हायना?"

दारातले दोन शिपाई हसले. तिथे माझे काम बिघडले. कारभाऱ्याने रिपोर्टात आणखी एक ओळ घातली: पुरवठादार उद्धट.

बाहेर प्रोफेसर मला हळूच म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. मी लाखेची जाडी मोजली."

"मग रिपोर्ट फाडा."

"सह्या झाल्यात."

"दुसरा लिहा."

"त्यासाठी कारभाऱ्यांनी मला पुन्हा बोलावलं पाहिजे," एवढे बोलून तो मोटारीत बसला.

माल निकृष्ट ठरला, पैसे मिळाले नाहीत. परत मागितला तर म्हणाले, तो पुरावा आहे. तो पुरावा मग पाठीला लाल रंग लावून दरबार हॉलच्या भिंतीवर टांगला. साहेबाने आरशांचे कौतुक केले, असे तिथला शिपाईच मला सांगून गेला. इकडे कळसाडीच्या पाटलांनी लग्नासाठी दिलेली आरशांची ऑर्डर काढून घेतली. बाजारात सराफ भेटला की विचारतो, "काय शेठ, आज कितल्या रेघा?" वीस वर्षांत मिळवलेले नाव त्या रेघांनी पुसले.

तेव्हापासून मी कोणाचेही यंत्र आले की आधी विचारतो, हे नेमके काय मोजते? चुकले यंत्र नाही. त्याने लाख मोजली आणि लाखेचाच आकडा दिला. त्या आकड्यापुढे 'चांदी' हा शब्द माणसाने लिहिला. कारभाऱ्याने टाक चालवला आणि प्रोफेसरने सही केली. दोघेही अजून नोकरीत आहेत. त्यांनी नंदुरबारच्या भर बाजारात यावे आणि माझ्या दुकानासमोर उभे राहून सांगावे, चोर कोण?