आत्याआजीच्या जन्माचा गूळ

एक्क्याऐंशी साली आमच्या घरातली सगळी धडधाकट माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. धडधाकट नसलेली आत्याआजीही जायची. ती माझ्या आजोबांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलं म्हणून तरुणपणीच माहेरी आली आणि आमच्यातच म्हातारी झाली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. मधल्या सुट्टीत तिची भाकरी घेऊन कामावर पळायचे. ती बाभळीखाली बसून खायला लागली की शेजारच्या बाया हसायच्या, "हिचा बाप आफ्रिकेत साहेब, अन् ही इथं खडी फोडून राह्यली!"

ती नुसती चेष्टा नव्हती. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीच्या खेचरांबरोबर जालन्याच्या छावणीतून मुंबईला आणि तिथून जहाजानं आफ्रिकेत गेले. मागे पणजी आणि रांगता मुलगा, म्हणजे माझे आजोबा. आत्याआजी झाली ती पणजोबा गेल्यानंतर. ते परत आलेच नाहीत. जालन्याचा एक शिपाई तेवढा परत आला आणि सांगून गेला, की तुमचा माणूस जिवंत आहे, नाकुरू नावाच्या गावी रेल्वेत लागलाय. बस, एवढंच.

मग गावानं बोटांवर महिने मोजायला घेतले. नवरा गेल्यावर झालेली लेक कुणाची? पणजीनं कुणाच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. पहिल्या लेकीला बापाच्या आईचं नाव ठेवायचं, दुसरीला आईच्या आईचं, ही आमच्या घरची रीत. तिनं रीतीप्रमाणं बारसं केलं आणि सासूचं नाव लेकीला दिलं. पण पुढे शहागडला सासरी आत्याआजीला तेच ऐकावं लागलं, "आजीचं नाव उचललं म्हणून बाप मिळत न्हाई." या बोलण्यापायीच तिचा संसार मोडला. हे मला कुणी मुद्दाम बसवून सांगितलं नाही. खडीच्या ढिगाशेजारी बसून तुकड्यातुकड्यानं कळलं.

मी दहावी झाले, बारावी झाले आणि औरंगाबादला कॉलेजात गेले. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. निघताना आत्याआजीनं मला एसटीपाशी धरलं. "तिकडं लई देशांची पोरं शिकायला येतात म्हणं. नाकुरू कुठं हाय, इच्यार."

औरंगाबादला तेव्हा आफ्रिकेतली पुष्कळ मुलं शिकायला असायची. दिसेल त्याला मी विचारायचे. होस्टेलच्या मुलींनी माझी पार हजेरी घेतली. "काय गं, तिकडचा नवरा करती का? हुंडा सिंहाचा देशील!" मी म्हणायचे, "नवरा न्हाई, पणजोबा हुडकून राह्यले."

शेवटच्या वर्षी आमच्या वर्गात केनियाचा एक विद्यार्थी आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्याला नाकुरू विचारलं, तर तो हसायला लागला. त्याचं गाव तिथून बसनं दोन तासांवर. सुट्टीत घरी गेला तेव्हा तो खास माझ्यासाठी नाकुरूला जाऊन आला. बाजारातल्या हिंदुस्थानी दुकानदारांना त्यानं विचारलं, की जालन्याहून आलेला कुणी रेल्वेवाला म्हातारा होता का? एक दुकानदार म्हणाला, "जालनावाला? तो वारला त्याला वर्षं झाली. त्याचा नातू ते समोरचं गॅरेज चालवतो." पणजोबांना तिथं सगळे त्याच नावानं ओळखायचे. त्या विद्यार्थ्यानं गॅरेजचा फोन नंबर आणला, दिवस आणि वेळ ठरवून आणली. आणि सांगितलं, की त्या दिवशी जालनावाल्याची तिथली मुलगी फोनवर येणार आहे.

आमच्या गावाजवळ वडीगोद्रीला हायवेवर नुकतंच परदेशी फोनचं बूथ झालं होतं. बूथवाला आमच्याच गावचा. आत्याआजी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. फोन लागला. मी तिच्या कानाला रिसीव्हर लावला आणि आपलाही कान चिकटवला.

"कसं काय चाललंय गं अक्का?"

आत्याआजी माझ्याकडं बघायला लागली. "ही तर आपल्यावानीच बोलती गं!" हिंदुस्थान कधी न बघितलेली बाई बापाची बोली घेऊन बसली होती. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, आत्याआजीनं थेट विचारलं, "आधी मला एक सांग. बापानं माझं नाव काढलं का कधी?"

"काढलं का म्हून काय इच्यारती? तुझ्यापायी माझं नाव गेलं! आजीचं नाव मला पाह्यजे व्हतं. दादा म्हणले, न्हाई, ते थोरलीचं हाय, ती गावाकडं हाय. तू दुसरी. मंग मला आईच्या आईचं ठेवलं. मला बिलकुल आवडत न्हाई ते."

आत्याआजीचा आवाज बारीक झाला. "मी झाले, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"वडीगोद्रीचा एक गडी मागून आल्ता पलटणीत. त्यानं सांगितलं, लेक झाली, आजीचं नाव ठेवलंय. दादांनी छावणीत गूळ वाटला. मरोस्तर सांगायचे ती गोष्ट. तो गडी मंग तिथंच तापानं गेला."

"गूळ वाटायला जमलं, अन् यायला न्हाई जमलं?"

"न्हाई जमलं, अक्का. आधी नोकरी, मंग माझी आई. रत्नागिरीकडून इकडं आलेल्या सुताराची लेक ती. मंग म्हणायचे, आता कोणत्या तोंडानं जाऊ."

"बरं," आत्याआजी म्हणाली. "तुझे गुडघे कसे हायेत?"

त्यापुढं दोघी गुडघ्यांवरच बोलल्या. बूथवाला दारात उभा राहून सगळं ऐकत होता, त्यामुळं आम्ही पोचायच्या आधी बातमी गावात पोचली. येताना तिनं वडीगोद्रीतून गुळाची ढेप घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी स्वतः घरोघर गेली. खडीवरच्या बायांनी विचारलं, "कशाचा गं गूळ, आत्या?"

"माझ्या जन्माचा. बापानं तिकडं वाटला व्हता, गावाचा राह्यला व्हता."

शहागडचा वाटा तिनं माझ्या हातात दिला. "तिथं मी जाणार न्हाई. तू बी.ए. हायेस, बराबर समजून सांग." नवरा कधीच गेला होता, म्हातारा दीर होता. मी सगळं सांगितलं. त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. म्हणाला, "वहिनीला सांगा, पोचला." इतक्या वर्षांत त्या घरातून तिला कुणी वहिनी म्हटलं नव्हतं.

पुढं मी मंठ्याला शिक्षिका झाले, घर बांधलं. पण आमच्या घरात झालेलं मोठं काम मी हेच धरते. पणजोबांचा ठावठिकाणा लागला. आत्याआजी त्यांची थोरली लेक आहे, हे गावानं मानलं आणि शहागडनंही मानलं.