बर्लिनच्या गाडीतल्या लाल सपाता

१४ जून १९७६ रोजी स्वीडनमधल्या माल्मो स्टेशनच्या कँटीनमध्ये एक कॉफी आणि एक दालचिनीचा पाव मिळून चार क्रोनर ऐंशी ओर पडत. पैज लागली ती एवढ्याच रकमेची.

"गाडीवर वर्षभर टिकलीस तर कॉफी-पाव माझ्याकडून," रात्रगाडीचा जुना अटेंडंट एवाल्ड म्हणाला. "नाही टिकलीस तर तुझ्याकडून. तसंही तू पुन्हा इथे काउंटरमागेच उभी असशील, म्हणजे मला लांब शोधत यायला नको."

"पाव कालचा चालणार नाही हं," गुनहिल्ड म्हणाली. "अकरा वर्षं हेच पाव विकलेत मी."

त्या संध्याकाळी तिने कँटीनचा एप्रन उतरवला आणि बर्लिनच्या रात्रगाडीतल्या स्लीपर अटेंडंटचा कोट चढवला. कोट पुरुषी मापाचा होता. बाह्या तिने घरी आखूड केल्या होत्या. या गाडीवर तो कोट त्याआधी कुठल्याही बाईच्या अंगावर चढला नव्हता. नोकरी एका वर्षाच्या बोलीवर होती. एक मोठी तक्रार आली की परत कँटीन.

माल्मोहून गाडी निघे, त्रेलेबोर्गच्या बंदरात झोपलेल्या माणसांसकट डबे थेट जहाजाच्या पोटात शिरत आणि पहाटे पलीकडे पूर्व जर्मनीतल्या सासनिट्सला रुळांवर उतरून बर्लिनची वाट धरत. १९०९ साली दोन देशांच्या राजांनी स्वतः येऊन ही वाट सुरू करून दिली. गुनहिल्डची आजी त्या गर्दीत होती. "राजे कुठले दिसतायत, टोप्या दिसल्या," ती सांगायची. गुनहिल्डचे वडील, तूवे, यांची उभी हयात जहाजाच्या पोटात डबे साखळ्यांनी जखडण्यात गेली. "समुद्र जागा असला तरी डबा झोपलेला पाहिजे," असं ते म्हणत, आणि तूवेंनी आवळलेला डबा वादळातही जागचा हलत नाही, हे सगळं बंदर मान्य करत असे.

झोप मोडू न देणं हीच या गाडीची अब्रू. प्रवाशाने रात्री आपला पासपोर्ट अटेंडंटच्या हाती द्यायचा आणि निवांत झोपायचं. सीमेवरचं सगळं अटेंडंट बघणार. सासनिट्सचे पहारेकरी मात्र काटेकोर. डब्यात जितके पासपोर्ट तितकीच डोकी हवीत. एकाचाही फरक पडला की गाडी जागीच उभी.

गुनहिल्डने स्वतःची एक भर घातली. बोळातून बुटांची टकटक नको म्हणून आईकडून लाल लोकरीच्या सपाता विणून घेतल्या आणि आपल्या डब्यातल्या प्रत्येकाला एक जोड द्यायला सुरुवात केली.

"हा स्लीपर डबा आहे की आजीचं घर?" एवाल्ड हसला. तो शेजारच्या डब्याचा अटेंडंट, पेन्शनीला तीन वर्षं राहिलेला.

वर्ष भरायला महिना उरला असताना ती गोष्ट घडली. सासनिट्स अर्ध्या तासावर आलं होतं. गुनहिल्ड आपल्या डब्यातून फेरी मारत होती, तर चौदा नंबरचं दार किलकिलं. आत कोणी नाही. कोट खुंटीला, बूट खाली, चष्मा उशाशी. सांदेलिन नावाचे म्हातारे पियानो दुरुस्त करणारे गृहस्थ तिथे झोपले होते. त्यांचा पासपोर्ट तिच्यापाशी होता, आणि माणूस नव्हता.

ती धावत वर गेली. डेक पाहिला, बाकं पाहिली, खलाशाला पाठवून पुरुषांचं शौचालयही पाहिलं. उपाहारगृहात एवाल्ड हेरिंग मासा खात बसला होता.

"काय गं, प्रवासी सांडलास वाटतं कुठे?"

ती तशीच खाली आली. जहाजाच्या पोटात डबे शेजारी शेजारी उभे, सारखेच निळे. तिच्या डब्याला लागून एवाल्डचा. तिला शंका आली, ती चढली. तिथल्या चौदा नंबरच्या दाराबाहेर लाल सपातांची जोडी नीट लावून ठेवलेली होती.

एवाल्डचा चौदा नंबरचा प्रवासी माल्मोला आलाच नव्हता. अंथरूण मात्र घातलेलं. सांदेलिन समुद्र बघायला बिनचष्म्याचे वर गेले, उतरले, आणि नंबर बरोबर पण डबा चुकीचा अशा जागी जाऊन झोपले. एवाल्ड डबा सोडून खायला गेला नसता तर त्याने त्यांना दारातच अडवलं असतं. आता तिच्याकडे एक डोकं कमी आणि त्याच्याकडे एक जास्त. बोभाटा झाला तर दोघेही गेले.

तिने आपल्या डब्यातून कॉफी आणली आणि दार हळूच वाजवलं.

"सांदेलिनसाहेब, कॉफी. आणि थोडं चालायचं आहे."

"बर्लिन आलं?"

"नाही, तुमचा डबा आला. हा शेजाऱ्यांचा."

म्हातारा उठून बसला आणि खुदखुदला. "लग्न नवीन असताना असाच एकदा शेजाऱ्यांच्या घरात शिरलो होतो, बाई. तिथे कॉफी नाही मिळाली."

पुढे कप घेऊन ती, मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून सपातांतले सांदेलिन, अशी ती वरात साखळ्या ओलांडत निघाली. तेवढ्यात एवाल्ड तोंड पुसत जिना उतरला. आपल्या डब्याकडून येणारे ते लाल पाय त्याने पाहिले आणि त्याचा चेहरा पडला.

"तुझ्या चौदाची चादर बदल," गुनहिल्ड जाता जाता म्हणाली. "चुरगळलीय."

सासनिट्सला पहारेकऱ्यांनी दोन्ही डबे मोजले. हिशेब जुळला. बाकी कोणाची कूसही बदलली नव्हती.

गुनहिल्डने ही गोष्ट वरिष्ठांना सांगितली नाही. १४ जूनला ती नोकरीत कायम झाली आणि पुढे सतरा वर्षं त्याच गाडीवर राहिली. तिच्यामागून आलेल्या बायकांना पहिल्या दिवशी कोटाबरोबर सपातांचं गाठोडंही मिळे. तूवे म्हातारपणी बंदरावर बसून गाडी जहाजात शिरताना बघायचे आणि शेजारी असेल त्याला सांगायचे, "साखळी मी बांधायचो. झोप माझी मुलगी सांभाळते."

एवाल्ड निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, भेट काय हवी? तो गुनहिल्डकडे न बघता म्हणाला, "लाल सपाता." तिने स्वतः विणून दिल्या. पैजेचा विषय त्याने काढला नाही, तिनेही नाही.

एवाल्डकडून एक कॉफी आणि एक पाव, चार क्रोनर ऐंशी ओर, येणे बाकी आहे.