मुदतीनंतर पोचलेला नकाशा

कुठलाही नकाशा समोर आला की काका चष्मा कपाळावर ढकलायचे, सीमारेषेवरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, "ह्या रेघेच्या अलीकडं कोण राहतं, पलीकडं कोण?" आखातात, अल गराफातल्या आमच्या ऑफिसात ते सर्वांत जुने ड्राफ्ट्समन. वर्ल्डकपसाठी रस्ते उकरले जात होते, मॅनेजर दिवसभर "यल्ला, यल्ला" म्हणत सगळ्यांना घाई करत फिरायचा, आणि हे शांतपणे पेन्सिलीला टोक काढत बसायचे. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. त्याच्यावाचून अडतं आणि त्याचा रागही येतो.

त्यांच्या गावी पालिकेची नवी प्रभागरचना आली आणि त्यांचा कोळीवाडा तीन प्रभागांत वाटला गेला. "तिन्हीकडं आम्ही मूठभर. मग आमच्या म्हातारीच्या मताला आणि टॉवरवाल्याच्या मताला सारखीच किंमत कशी?" डबा खाताना ते विचारायचे. मी म्हणायचो, "काका, इथं बसून तुम्हाला काय त्याचं?" केवढा शहाणा मी!

पंधरा दिवस खपून त्यांनी वस्तीतलं घर न् घर दाखवणारा नकाशा हाताने रंगवला. हरकतीच्या अर्जाला तो जोडायचा होता. मी सुट्टीवर निघालो होतो, आणि आखातातून घरी जाणाऱ्याच्या बॅगेत चार जणांची पार्सलं असतातच.

"सोमवारी मुदत संपते. त्याआधी भावाच्या हातात दे," ते म्हणाले.

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

घरी भाचीचा साखरपुडा होता. त्यांचा भाऊ अर्ज घेऊन नकाशासाठी थांबलेला. त्याचा दोनदा फोन आला, "येतोच," म्हणालो. खजूर नि परफ्यूम पोचतात तसं हेही पोचेल, असं धरून चाललो. गेलो बुधवारी.

वस्ती कोर्टात गेली. काही महिन्यांनी काकांनी फोनवर आलेला निकाल कॅन्टीनमध्ये मला वाचून दाखवला. हरकत मुदतीत आलेली नाही, निवडणूक जाहीर झाली आहे, आता हस्तक्षेप करता येणार नाही. "खलास," एवढंच म्हणाले. मी माफी मागितली. त्यांनी डब्यातला तळलेला बोंबील माझ्या ताटात सरकवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्पर्धेच्या आधीच काम संपलं आणि त्यांना घरी पाठवलं. निघताना त्यांनीच विचारलं, "ठाण्याला आईकडं काही द्यायचंय?" मी केशराची डबी दिली. घाई नाही, सवडीने द्या, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला. "अरे, कोण हे गृहस्थ? विमानतळावरून थेट आले, बॅगांसकट. चहालाही थांबले नाहीत. अजून स्वतःच्या घरी गेले नव्हते."