बरणी दोन्ही हातांत

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सात महिन्यांच्या एका मुलीच्या मोठ्या आतड्याचा काही भाग शस्त्रक्रियेने काढण्यात आला. तो तपासणीसाठी लॅबमध्ये पोचवणं हे, इथल्या रीतीप्रमाणे, नातेवाइकांचं काम. मुलीचे वडील झाकणाची बरणी दोन्ही हातांत धरून तीन जिने उतरले. मी माझ्या रक्ताच्या रिपोर्टसाठी लॅबच्या खिडकीपुढे रांगेत होतो.

"ठेवा की खाली, दादा. कोणी पळवत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"असू द्या. पोरीला अजून हातात देत नाहीत."

रांगेने त्यांना पुढे जाऊ दिलं. डॉक्टरबाई बरणी घ्यायला आल्या, तेव्हा वडिलांनी विचारलं, "यात काय बघणार, मॅडम?"

"या भागात जन्मापासून आतडं हलवणाऱ्या मज्जापेशी नाहीत, म्हणून शी पुढे सरकत नाही. ती साचते, जंतू वाढतात. त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके आतड्याच्या भिंतीतच असतात. ते किती सुजलेत, ते बघू."

"म्हणजे ती आतून लढत होती, आणि आम्ही बेंबीला हिंग लावत होतो."

डॉक्टरबाई बरणी घेऊन आत गेल्या.

जिला अजून धड बसताही येत नव्हतं, तिच्या पोटात जन्मापासून ही राखण चालू होती. ती तिला कोणी शिकवली नव्हती आणि बाहेरून फक्त रडणं ऐकू येत होतं.

शुक्रवारी मी पुन्हा गेलो. मुलगी आदल्या दिवशी वारल्याचं खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. थोड्या वेळाने वडील आले. त्यांनी वहीत सही केली आणि रिपोर्ट घेऊन गेले.