ब्रेकताईंची दोन घरं

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक होता. शिकणाऱ्याने घाबरून काहीही दाबलं, तरी गाडी जिथे थांबायला हवी तिथेच थांबायची. भर चौकात समोरून ट्रक येतोय, शेजारचा शिकाऊ माणूस घामाघूम झालाय, आणि ताई आपल्या शांतपणे म्हणतायत, "हं, आता क्लच दाबा. सावकाश. ट्रकवाल्यालाही डोळे आहेत."

अशा बाईचा एका घरावरून गोंधळ उडेल, हे कुणी सांगून खरं वाटलं नसतं. पण उडाला, आणि चांगला वर्षभर उडत राहिला.

झालं असं, की ताईंची मावशी वारली. तिला मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचा फ्लॅट तिने गुपचूप भाचीच्या नावाने करून ठेवला होता. ताई तोवर जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेल्या. लग्नाआधी वडिलांच्या भाड्याच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या भाड्याच्या. स्वतःचं घर मिळालं म्हणताना त्या आधी हसल्या, मग रडल्या, आणि मग नकाशा काढून बघत बसल्या. मावशीचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलीची शाळा इथे, नवरा ज्या मालाच्या गोदामात कामाला होता ते इथे, गाडी शिकायला येणारी माणसंही इथलीच. तेव्हा मावशीचं घर भाड्याने द्यायचं आणि आपण आहोत तिथेच राहायचं, असं ठरलं.

"म्हणजे आपण भाडं देणार पण आणि घेणार पण?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"मग आपण नक्की कोण?"

"तू जेव आधी," ताई म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवसापासून गाडीत दुसरा विषयच राहिला नाही. शिकायला येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. गिअर त्यांना अजून सापडत नव्हता, पण सल्ला तयार होता. "एक चावी स्वतःजवळ ठेवायची," ते म्हणाले, "आणि मधूनच न सांगता जाऊन यायचं. त्याशिवाय कळत नाही लोक घराचं काय करतात ते. माणूस एकदा घरात बसला की उठत नाही, सांगून ठेवतो."

"साहेब, आरशात बघा."

"बघतोय. आणि दुरुस्तीचं म्हणाल तर, जो वापरतो त्याने करायची."

त्यानंतरच्या तासाला एक वकीलबाई यायच्या. त्यांनी ऐकलं आणि स्टिअरिंगच सोडलं. "चावी? न सांगता जायचं? अहो, भाड्याने दिलं म्हणजे ते घर तुम्ही दुसऱ्याच्या हवाली केलंत. आधी विचारायचं, वेळ ठरवायची, मग जायचं. आणि दुरुस्ती! रोजच्या वापरातलं किरकोळ काम राहणाऱ्याचं. भिंती, नळाच्या लाइनी, छत हे मालकाचं. सगळं आधी लिहून घ्या."

"दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाई."

दोघंही शिकलेसवरलेले, दोघंही ठाम. ताईंना दोघांचंही पटलं. पंचाईत तिथेच झाली.

भाडेकरू मिळाली ती एक नर्स. एकटी, पस्तिशीच्या आतबाहेरची, मोजकं बोलणारी. राहायला येण्याआधी तिने मोबाइल काढला आणि सगळ्या घराचे फोटो घेतले. भिंतींचे, फरशीचे, खिडकीच्या तडकलेल्या काचेचे, बेसिनखालच्या गंजक्या पाइपचे. ताई मागे मागे फिरत होत्या. मावशीचं घर असं तपासलं जाताना बघून त्यांना कसंतरीच झालं.

"काही चुकलंय का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही हो. आज काय कसं आहे ते दोघींनाही ठाऊक असलेलं बरं. मी जाईन तेव्हा वाद नको. तुम्हालाही पाठवते."

फोटो आले. घरी येऊन ताईंनी ते नवऱ्याला दाखवले. "हा आपला अपमान आहे की आपली सोय?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने फोटो उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "काच बदलायला हवी."

आता ताईंच्या स्वतःच्या घरमालकांबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे काका म्हणत. काका वाईट नव्हते, पण घरात केव्हा टपकतील याचा नेम नसायचा. ताई केस धुवून टॉवेल गुंडाळून बाहेर याव्यात आणि काका स्वयंपाकघरात नळ सोडून पाण्याचा जोर बघत उभे असावेत. "माझंच घर आहे, विचारायचं काय त्यात?" असं म्हणत ते बाथरूमच्या दारावर टकटक करून लाकूड कुजलंय का ते बघायचे. आत कुणी असलं तरी. ताई पंधरा-सोळा वर्षं दात-ओठ खात होत्या.

आणि तरी ताईंनी तेच केलं. कसं केलं हे त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एक दिवस दुपारी शिकणाऱ्यांच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी त्या बाजूला गेल्या होत्या. परीक्षा लवकर आटोपली. मावशीची गल्ली जवळच होती, पर्समध्ये चावी होती आणि कानात बँकवाल्या साहेबांचा आवाज होता. मनात म्हणाल्या, नर्स कामावर असेल, मावशीच्या कुंड्यांना पाणी घातलंय का तेवढं बघून यावं.

नर्स रात्रपाळी करून झोपली होती. कुलपात चावी फिरल्याचा आवाज झाला तशी ती दचकून उठली. ताई आत पाऊल टाकतात तो समोर विस्कटलेल्या केसांची बाई, हातात इस्त्री उगारलेली.

"अहो, मी! मीच आहे!" ताई ओरडल्या.

"मी म्हणजे कोण?"

"घर माझंच आहे ना. विचारायचं काय त्यात?"

शब्द तोंडातून गेले आणि ताईंना एकदम काका आठवले. तेच वाक्य, तोच सूर. त्यांना वाटलं, आपल्या तोंडून दुसरंच कुणी बोललं. नर्सने इस्त्री खाली ठेवली. 

"घर तुमचं आहे," ती म्हणाली, "पण इथे झोपते मी. तुम्ही फोन केला असतात तर मी चहा टाकून ठेवला असता. आता माझी झोपही गेली आणि तुमचा चहाही."

ताईंनी माफी मागितली, चावी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मालकाकडे एक चावी असावी की नसावी, तेही त्यांना कळेना. शेवटी नर्सच म्हणाली, "राहू दे तुमच्याकडे. आग लागली, पाणी फुटलं तर लागेल. एरवी फोन." ताई मान खाली घालून जिना उतरल्या.

पंधरवड्यात नर्सचा फोन आला. वरच्या बिऱ्हाडाच्या बाथरूममधून पाणी झिरपून स्वयंपाकघराची भिंत ओली झाली होती. ताईंच्या तोंडावर आलं होतं, "राहणाऱ्याने बघायचं." राहत्या घरातल्या संडासाचा फ्लश बिघडला तेव्हा काकांनी हेच ऐकवलं होतं आणि ताई महिनाभर बादलीने पाणी ओतत होत्या. त्यांनी जीभ चावली. पण मग कुणी बघायचं? वरच्याने? आपण? सोसायटीने? त्या वरच्या बिऱ्हाडाकडे गेल्या, तर तेही भाडेकरूच निघाले. "आम्ही आमच्या मालकाला कळवलंय," ते म्हणाले, "तो म्हणतो, आधी खालच्या मालकाने तक्रार करायला हवी."

"खालचा मालक म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही."

ताई जिन्यातच उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी मालक म्हटलं होतं, आणि त्या मात्र मागे वळून कुणी आलंय का ते बघत होत्या. अखेर तक्रार झाली, वरच्या मालकाने प्लंबर पाठवला, पाइप बदलला. भिंतीला रंग ताईंनी स्वतः लावून घेतला. वकीलबाई म्हणाल्या, बरोबर केलंत. साहेब म्हणाले, डोक्यावर चढवून ठेवलंत.

इतक्यात काकांनी बॉम्ब टाकला. एका सकाळी ते नेहमीसारखे आले, नळ न उघडता खुर्चीत बसले, तेव्हाच काहीतरी वेगळं आहे हे ताईंनी ओळखलं.

"माझा मुलगा परत येतोय," काका म्हणाले. "त्याला हे घर लागेल. महिनाअखेर मोकळं करून द्या."

मुलीची शाळेची परीक्षा तोंडावर आलेली. ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. काका गेल्यावर तो म्हणाला, "सोपं आहे की. आपलं घर आहे. नर्सबाईंना सांग, जा म्हणावं."

साहेबांनीही तेच सांगितलं, नणंदेनेही फोनवर तेच सांगितलं. सगळ्यांना सोपं वाटत होतं. ताईंना मात्र त्या रात्री काही केल्या सुचेना. काकांचा राग येत होता, तर काका जे करतायत तेच आपण करायला निघालो होतो. आणि नाही केलं, तर मुलीला घेऊन जायचं कुठे?

त्यांनी नर्सला आधी फोन केला, वेळ ठरवली आणि गेल्या. चहा तयार होता. ताईंनी सगळं सांगितलं, पण उलटसुलट. आधी काका, मग परीक्षा, मग फ्लश, मग पुन्हा काका.

"म्हणजे मी घर सोडावं असं तुम्हाला म्हणायचंय का?" नर्सने विचारलं.

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. हे मात्र अगदी खरं होतं.

"माझा करार पावसाळ्यापर्यंत आहे. तुम्ही विचारू शकता, मी नाही म्हणू शकते. आणि मी नाहीच म्हणतेय, कारण इतक्यात मला दुसरं घर मिळायचं नाही. पण तुमच्या काकांशी तुमचा करार काय आहे?"

"सुरुवातीला कागद झाला होता. मग दरवर्षी काका म्हणायचे, राहा. आम्ही राहायचो."

नर्सने कपाळाला हात लावला. "पुढच्या वेळी लिहून घ्या हो. बरं, आता बोलायचं तरी. तुम्हाला काय हवंय? गप्प बसून त्यांना ते कळणार नाही."

ताईंनी विचार केला.  "परीक्षा होईपर्यंत तिथेच राहायचंय," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग तेवढंच मागा."

ताई काकांकडे गेल्या. आधी फोन करून गेल्या, त्यानेच काका बुचकळ्यात पडले.

"काका, पोरीची परीक्षा होईपर्यंत आम्ही राहू. तारीख ठरवू आणि लिहून ठेवू. निघायच्या दिवशी दोघं मिळून घर बघू आणि त्याच दिवशी तुम्ही अनामत परत द्या."

"अगं पोरी, पण तुझं स्वतःचं घर आहे ना आता?"

"तिथे भाडेकरू आहे."

"मग काढ तिला!"

"काढता येत नाही. तिचा करार आहे."

काका सरसावून बसले. "म्हणजे तू मालक असून तिला काढू शकत नाहीस. आणि मी मालक असून तुला काढू शकत नाही?"

"तसंच दिसतंय."

"मग मालक असण्याचा उपयोग काय?"

काकांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. ताईंना त्यांची एकदम दया आली.

"मलाही तेच कळत नाहीये, काका," त्या म्हणाल्या.

 तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे तिची. आपला मुलगा तोवर इथे आपल्याजवळ राहील. बाहेरच्या खोलीत झोपला तर झिजणार नाही." काकांनी कुरकुरत तारीख लिहून दिली.

पुढे जे झालं त्याने गोंधळ निवळायच्या ऐवजी वाढलाच. काकांचा मुलगा आला, त्याने ताईंचं बिऱ्हाड बघितलं आणि म्हणाला, ऑफिसपासून फार लांब पडतं, मी दुसरीकडे भाड्याने राहतो. काका म्हणाले, मग तुम्हीच राहा. आणि नर्सला हॉस्पिटलच्या आवारातच राहायला जागा मिळाली, तेव्हा कराराची मुदत संपता संपता तिनेच महिनाभर आधी कळवलं. म्हणजे आता ताई हवं तिथे राहू शकत होत्या. आधी एकही दार उघडत नव्हतं, आता दोन्ही सताड उघडी. "काय करायचं?" असं त्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला विचारू लागल्या. एका शिकाऊ मुलीने घाबरून गाडीच थांबवली. तिला वाटलं, गाडीचं विचारतायत.

नर्स गेली त्या दिवशी दोघींनी मोबाइलमधले फोटो बघत घर तपासलं. एका भिंतीवर खिळ्याचं भोक नवीन होतं. "हे माझं," नर्स म्हणाली. "राहू दे," ताई म्हणाल्या आणि अनामत पूर्ण परत दिली. नर्स रिक्षात बसून गेली. ताई रिकाम्या खोलीत फरशीवर बसल्या. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. इथून बाजार जवळ, हवा चांगली, आणि दारावर कुणी टकटक करायला येणार नाही. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, त्या इथेच राहायचं ठरवूनच. मुलीची परीक्षा झाली होती, आणि पुढच्या वर्गासाठी शाळा तशीही बदलणारच होती. शिकायला येणारी माणसं इथेही मिळाली असती. नवऱ्याची बस तेवढी लांबची झाली, त्यावरून तो अजून बोलतो.

नव्या घरात येऊन महिना झाला असेल, तेव्हा काकांचा फोन आला. त्यांना नवे भाडेकरू मिळाले होते, एक तरुण जोडपं.

"पोरी, ते तू म्हणत होतीस ते कसं लिहायचं? दुरुस्ती कुणाची, यायचं असेल तर आधी सांगायचं, वगैरे?"

ताईंनी सविस्तर सांगितलं. किरकोळ काम त्यांचं, भिंती आणि नळाच्या लाइनी तुमच्या. घर ताब्यात देताना फोटो. जाण्याआधी फोन. घर सोडायची किंवा सोडायला सांगायची मुदत दोघांना सारखी. काका हं, हं करत लिहून घेत होते. मग मध्येच थांबले.

"एक सांग. हे तू माझ्या बाजूने सांगतेयस की त्यांच्या?"

  फोन हाताने झाकून ताईंनी नवऱ्याला विचारलं, "अरे, आपण कुणाच्या बाजूचे?"

नवरा बूट घालत होता. "मला बस गाठायचीय," तो म्हणाला आणि गेला.

"काका," ताई फोनमध्ये म्हणाल्या, "तुम्ही लिहा तर खरं. मग वाचून बघू."