बरडावरचे रानघोडे

मुलगी कॉलेजला गेली आणि जाताना तिचा जुना कॅमेरा मला देऊन गेली. "आई, रविवारी टीव्हीसमोर बसू नकोस," एवढंच म्हणाली. मी शाळेत मराठी शिकवते, कॅमेऱ्यातलं मला ओ का ठो कळत नव्हतं. पण माझ्या नणंदेकडे स्कूटी आहे आणि रविवारी घरी बसायचा तिला माझ्यापेक्षा जास्त कंटाळा. त्यामुळे आमची मोहीम सुरू झाली.

पहिले दोन महिने प्रकाशा गावी तापीच्या घाटावर गेलो. तिथे पाण्यावर वाकलेल्या एका फांदीवर खंड्या बसतो. त्या फांदीचे माझ्याकडे साठ-सत्तर तरी फोटो असतील. खंड्या एकातही नाही. मी बटण दाबलं की तो उडालेला.

मग भाद्रपदात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी बातमी आणली. त्या कोरीट गावच्या. म्हणाल्या, "मॅडम, आमनाकडे रानमा घोडा फिरतस. पांढरी घोडी शे, तिन्हं पिल्लू बी शे."

मी ऐकलं ते 'रानघोडे'. घरी येऊन नणंदेला सांगितलं तेव्हा तर त्यांचा कळपच झाला होता.

"आपल्या जिल्ह्यात रानघोडे?" ती म्हणाली. "वैनी, खरंच?"

"बाईंनी डोळ्यांनी पाहिलेत."

रविवारी उजाडायच्या आत निघालो. कोरीटच्या पुढे रस्ता सोडला, स्कूटी बाभळीखाली लावली आणि बरडावर चालत गेलो. एरवी तिथे नुसता खडक आणि कुसळं. पण पावसाने गवत मांडीपर्यंत आलं होतं आणि दवाने आमच्या सलवारी क्षणात भिजल्या. एक मुंगूस आम्हाला बघून तुच्छतेने निघून गेलं.

टेकाड चढलो आणि मी नणंदेचा हात घट्ट धरला.

ते खरंच होते. पांढरी घोडी, दोन तांबडे घोडे आणि एक लांब पायांचं शिंगरू. मागे धुकं, धुक्यात पुसट सातपुडा, आणि घोडीच्या आयाळीवर नुकतं आलेलं ऊन. ना लगाम, ना खोगीर. मी गवतात पालथी पडले. कॅमेरा दगडावर टेकवला. शिंगरू आईच्या पोटाखालून पलीकडे गेलं, परत आलं, आणि पहिल्यांदाच माझ्या फोटोत जो प्राणी हवा तो होता. चित्रासारखा स्पष्ट.

मला धीर कुठला! कॅमेऱ्याच्या पडद्याचाच मोबाइलने फोटो काढला आणि आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रानघोडे, नंदुरबार.' ग्रुपमधले एक जाणकार, ज्यांनी माझ्या खंड्याच्या फांदीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता, त्यांनी लगेच लिहिलं, 'अद्भुत!'

इतक्यात नणंदेचा फोन वाजला. तिने रिंगटोन ठेवली होती लग्नातल्या बँडची. ढोल, पिपाणी, सगळं.

"ताई, बंद करा!" मी दबक्या आवाजात ओरडले. आता घोडे उधळणार, मला खात्रीच होती.

घोडीने मान वर केली. कान टवकारले. आणि पुढचा एक पाय उचलून आपटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मान तालात डुलायला लागली. मागे तांबडेही ठेका धरून उभे. बरडाच्या मधोमध, वऱ्हाड नाही, नवरदेव नाही, आणि वरात निघालेली.

नणंद फोन शोधायचा सोडून तोंडाला हात लावून बघत राहिली.

"बंद करा बाई ते!" पलीकडच्या कडुनिंबाखालून हसत हसत एक म्हातारे चाचा उठले. "सुट्टी शे तिले. तुळशीनं लगन व्हवापर्यंत."

चाचा नंदुरबारचेच निघाले. तीन पिढ्यांपासून त्यांचे घोडे लग्नाला जातात. लग्नसराई संपली की ते पावसाळ्यात घोड्यांना इथे मोकळं सोडतात आणि स्वतःही झाडाखाली पडून असतात.

नणंदेने लगेच चौकशी सुरू केली. "चाचा, मन्हा नवरा बी याच घोडीवर वना व्हता का?"

"कितला वरीस व्हई ग्यात?"

"सोळा."

"मंग हिन्ही माय व्हती ती."

नणंद घोडीजवळ गेली आणि माहेरच्या माणसासारखा तिच्या गळ्यावरून हात फिरवला. "तुन्ही मायनी मले फसाडं," ती म्हणाली. चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला.

मी मात्र फोन उघडून बसले. अकरा जणांनी अंगठे दिले होते. खोडून टाकावं असं फार वाटलं. पण मुलांना रोज 'खरं लिहा' सांगणारी बाई मी. लिहिलं, 'माफ करा. हे लग्नाचे घोडे आहेत, सुट्टीवर.' जाणकारांनी आपलं 'अद्भुत!' खोडून टाकलं. बाकीच्यांनी मात्र दिवसभर विचारलं, मुहूर्त कधीचा?

निघताना चाचांनी मला थांबवलं. "मन्हा बी एक काढा ना, बाई. हिन्हासंगे."

"तुमचे तर शेकडो असतील, चाचा."

ते मान हलवून हसले. "नवरदेवना शेतस. घोडीना शेतस. मन्हा निस्ता हात शे, लगाम धरेल."

मला माझ्या लग्नाचा अल्बम आठवला. घोडीवर आमचे हे, फेट्यात. कडेला खरंच लगाम धरलेला एक हात होता. कोणाचा, ते इतक्या वर्षांत कधी मनात आलं नव्हतं.

मग चाचांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं, टोपी सरळ केली आणि घोडीच्या गालाला गाल लावून उभे राहिले. मी अर्धा तास घेतला. उभे, बसलेले, शिंगरासकट. घाई करावीशी वाटलीच नाही.

पंधरा दिवसांनी मोठी प्रत काढून, चौकट करून त्यांच्या घरी नेली. चाचींनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. चाचा शेजारी अवघडून उभे होते.

"फोटो में घोडी अच्छी आई है," चाची शेवटी म्हणाल्या, आणि खिळा शोधायला आत गेल्या.