ढाबळीवरचा सदरा

अजूनही पहाटे चहा घेऊन उभी राहिले की डोळ्यांपुढं कबुतरं फिरताना दिसतात. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर पांढुरकं धुकं, खाली कुठंतरी पहिल्या रिक्षाची घरघर, लांब जोतिबाचा डोंगर अर्धा पुसलेला, आणि वर चाळीस पाखरं गोल गोल. बघता बघता किती वेळ गेला ते कळत नाही, हातातला चहा गार होऊन जातो.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. भुईमुगाच्या शेंगेएवढ्या मेंदूत कबुतर वाटा साठवतं, चित्रं ओळखतं, असं वर्षानुवर्षं पोरांपुढं घोकत आले. पण खरं कबुतर जवळ आलं की मी दोन पावलं मागं! मामंजी, म्हणजे माझे सासरे, यावरून मला छळायचे. "काय मास्तरीणबाई, पुस्तकातलं कबुतर चोच मारत न्हाय व्हय?" मी चिडायचे, आणि त्यांना तेच पाहिजे असायचं.

गच्चीवर त्यांची ढाबळ होती. फळ्यांचं आणि जाळीचं ते कबुतरांचं घर त्यांनी स्वतः ठोकलं होतं. तिथं जाताना ते कायम एकच विटका खाकी सदरा घालायचे. मला तो बघवत नसे.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा दम वाढला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पिसांची धूळ फुप्फुसात बसलीय, आता कबुतरं घरात नकोत. तीन आठवडे दवाखान्यात काढायचे होते. निघताना मामंजींनी तो सदरा माझ्या हातात कोंबला. "दाणं टाकायला ह्यो घालून वर जा, पोरी. पाखरं सदऱ्याला ओळखत्यात. सदरा बघून येतील, तुझ्याकडं बघणार बी न्हाईत."

साडीवर सदरा चढवून मी गेले. काय ध्यान दिसत असेन! पाखरं घिरट्या घालत खाली आली, माझ्याकडं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं आणि परत वर गेली. पाचव्या दिवशी एक पांढरी मादी माझ्या पायाशी उतरली. दहाव्या दिवशी मी सदरा घालायला विसरले, तर सगळीच उतरली. ऊन कोवळं होतं, पंखांचा वारा गालाला लागत होता आणि माझी भीती कधी गेली ते माझं मलाच समजलं नाही.

दवाखान्यात मात्र मी खोटं बोलले. "सदरा बघितला की येतात, मामंजी." त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, एवढं खोटं चालतंय की.

ते घरी आले तेव्हा सगळं ठरलं होतं. रविवारी दुपारी कागलचे त्यांचे मित्र कबुतरं न्यायला येणार होते. महिनाभर पंख बांधून तिथं ठेवल्याशिवाय नवं छप्पर पाखरांच्या डोक्यात बसणार नव्हतं. मामंजींना त्याआधी एकदाच वर जायचं होतं. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली, तीही मास्क लावून. त्यांनी सदरा घातला, कठड्याला धरून उभे राहिले, मुठीत बाजरी घेतली.

पाखरं आली. त्यांच्या डोक्यावरून दोन फेऱ्या झाल्या. आणि मग सगळी माझ्या पायाशी उतरली.

"न्हाय ओळखलं," मामंजी म्हणाले आणि मुठीतली बाजरी तिथंच सोडली.

मला माहीत होतं, पाखरं सदरा नाही, तोंड ओळखतात, आणि तोंड तर मास्कनं झाकलेलं होतं. नुसतं "मास्क काढा" म्हणायचं होतं. पण फुप्फुसं? मी खाली वाकून सांडलेली बाजरी गोळा करायला लागले. दुपारी पिंजरे गाडीत चढले आणि गच्ची एकदम मोठी दिसायला लागली.

चार दिवस मला घास गोड लागेना. शेवटी मी त्यांच्या खुर्चीपाशी बसले आणि रडत सगळं ओकून टाकलं. खोटं बोलले, गप्प राहिले, तुम्हाला उगाच वाटत राहिलं की पाखरं तुम्हाला विसरली.

मामंजींनी खिडकीबाहेरच्या मोकळ्या आभाळाकडं बघितलं. मग हसले, खोकले, परत हसले.

"येडी हाईस. पाखरं तोंडावर येत्यात हे मला म्हाईत न्हाय व्हय? चाळीस वर्सं काय गवत उपटलं काय मी?"

"मग सदरा?"

"तू भ्यायची. अंगात कायतरी माझं असलं की वर तरी जाशील, म्हणून."

मी डोळे पुसले. "मग त्या दिवशी मास्क का नाही काढला? क्षणभर तरी?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका झाला होता.

"तोंड दिसलं असतं तर अंगावर आली असती की गं. मग माझा पाय निघाला नसता. मला खाली कुणी आणलं असतं?"